हकनं पत्र फाडलं, तिथून सुरुवात करा: ‘हकलबेरी फिन’वर निबंध लिहिताना

‘मार्क ट्वेन यांचा जन्म १८३५ साली झाला.’ वाक्य खरं आहे, पण निबंधाचं पहिलं वाक्य म्हणून त्याचा काही उपयोग नाही. त्याला कुणी हो म्हणणार नाही, कुणी नाही म्हणणार नाही. पुढे बालपण, मग पुस्तकांची यादी, मग कथानक, आणि शेवटी ‘अशा प्रकारे लेखकाने मानवतेचा संदेश दिला आहे.’ चार पानं भरतात आणि विद्यार्थ्यानं पुस्तकात स्वतः काय पाहिलं हे एकाही ओळीत सापडत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. निबंध साधारण १५०० शब्दांचा धरला आहे आणि उदाहरणाला एकच कादंबरी घेतली आहे: ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’. मार्क ट्वेन यांच्या या पुस्तकात हक नावाचा पोरगा आणि जिम हा पळालेला गुलाम तराफ्यावरून मिसिसिपी नदीनं निघतात. गोष्ट सांगणारा हक मनापासून खरं बोलतो आणि तरीही चुकतो, असं हे पुस्तक आहे. चिकित्सक विचार शिकायला असा सांगणारा फार कामाचा.

आधी पुस्तक वाचा

प्रकरणं ४३ आणि शब्द सुमारे १ लाख १० हजार. रोज तीन प्रकरणं वाचली तर पंधरा दिवस लागतात. प्रत मिळत नसेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर ७६ क्रमांकाला पूर्ण पुस्तक फुकट आहे. मोबाइलवर उघडतं आणि त्यात शब्द शोधता येतो. ही सोय पुढे लागणार आहे. गाईड, झेरॉक्सच्या नोट्स, सिनेमा हे सगळं पहिलं वाचन संपेपर्यंत लांब ठेवा. गाईड आधी वाचलं की पुस्तकात तेवढंच दिसतं जेवढं गाईडवाल्याला दिसलं.

पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच भाषेशी अडखळायला होतं. व्याकरण मोडलेलं, स्पेलिंग वाकडं, जिमचं बोलणं तर आणखी वेगळं. हे चुकून झालेलं नाही. आपण पुस्तकात वेगवेगळ्या बोली जाणूनबुजून आणि मेहनतीनं वापरल्या आहेत, अशी टीप ट्वेननं सुरुवातीलाच दिली आहे. म्हणून जिमची वाक्यं मोठ्यानं वाचा. ‘दॅट’चं ‘डॅट’ झालंय, ‘द’चं ‘डे’ झालंय, हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. दहा पानांत सराव होतो.

इथे खानदेशातल्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे आणि ती वापरायला लाजू नका. घरी ‘शे’ म्हणणारा मुलगा वर्गात शिरला की ‘आहे’ म्हणू लागतो. अहिराणीत बोलणाऱ्याला अडाणी समजलं जातं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या लोकांसमोर आल्या त्या त्यांच्या मागे, १९५२ साली. बोली म्हणजे उथळ विचार, असं त्या ओव्या ऐकलेला माणूस म्हणणार नाही. मग जिमची बोली वाचून ‘जिम हा एक भोळा, अशिक्षित गुलाम आहे’ असं लिहायला पेन उचललंत की थांबा. जिम भोळा आहे हे पुस्तक सांगतंय, की त्याच्या बोलीमुळे आपणच तसं धरून चाललोय? हा प्रश्न पडला तर निबंधाचं निम्मं काम झालं.

वाचताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पुस्तकात काय आहे ते, प्रकरण क्रमांकासह. उजवीकडे फक्त प्रश्न. उजवीकडे मत लिहू नका. मत लवकर लिहिलं की ते सोडवत नाही. पृष्ठ क्रमांकावर विसंबू नका, आवृत्तीगणिक तो बदलतो. प्रकरण क्रमांक सगळीकडे एकच असतो.

वहीच्या शेवटच्या पानावर नदीचा कच्चा नकाशा काढा. गोष्ट जिथे सुरू होते त्या मिझुरीत गुलामगिरी कायदेशीर होती, नदीपलीकडच्या इलिनॉयमध्ये नव्हती. तरी जिम सरळ पलीकडे का जात नाही? पळालेल्या गुलामाला पकडून परत देण्याचा कायदा तिकडेही लागू होता, म्हणून. बेत असा की कैरो गावाजवळ ओहायो नदी लागली की तिच्यातून वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत आणखी आत जायचं. धुक्यात ते गाव मागे पडतं. सोळाव्या प्रकरणात हे त्यांना कशावरून कळतं? काठालगत ओहायोचं निवळ पाणी आणि पलीकडे मिसिसिपीचं गढूळ पाणी वाहत असतं. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम पाहिलेल्याला दोन पाण्यांची ही खूण चटकन उमगेल. इथून पुढे तराफा जिमला रोज गुलामगिरीच्या मुलखात आणखी खोल घेऊन जातो. नदीला ‘स्वातंत्र्याचं प्रतीक’ म्हणण्याआधी तिचा प्रवाह कुठे वाहतोय ते पाहा. हे वाक्य निबंधानिबंधांत आढळतं आणि ते लिहिणाऱ्यानं नकाशा काढलेला नसतो.

छोटी जागा निवडा

‘कादंबरीतील वंशवाद’ हा विषय १५०० शब्दांत मावत नाही. एक उतारा, एक शब्द किंवा एक आकडा मावतो.

आकड्याचंच पाहा. आठव्या प्रकरणात जिम सांगतो की त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, त्याचे ८०० डॉलर मिळणार होते. अकराव्यात त्याला पकडण्याचं बक्षीस ३०० डॉलर आहे. सोळाव्यात गुलाम शोधणारी दोन माणसं हकच्या फळीवर वीस-वीस डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवतात, म्हणजे ४०. एकतिसाव्यात राजा म्हणवणारा भामटा जिमला ४० डॉलरला विकून टाकतो. आणि शेवटच्या प्रकरणात हकचा मित्र टॉम सॉयर जिमला ‘कैदी’ म्हणून मुकाट राहिल्याबद्दल रोख देतो, तेही ४० डॉलर. तिन्ही वेळा तोच आकडा. ट्वेननं तो ठरवून ठेवला असं सिद्ध करता येणार नाही आणि तसं लिहूही नका. पण तिन्ही व्यवहार शेजारी ठेवले तर टॉमच्या भेटीकडे वाचक कसा पाहील, यावर सबंध निबंध उभा राहतो.

शब्दाची वाट धरायची असेल तर मोबाइलवरच्या प्रतीत ‘कॉन्शन्स’ म्हणजे सदसद्विवेक हा शब्द शोधा. सोळाव्या प्रकरणात तो हकला टोचतो, कारण तो जिमला पळायला मदत करतोय. एकतिसाव्यात त्याच कारणानं जास्त जोरात टोचतो. तेहेतिसाव्याच्या शेवटी हक वैतागून म्हणतो की माणसाच्या सदसद्विवेकाला अक्कल नसते, तुम्ही बरोबर वागा की चूक, तो अंगावर येतोच. शब्द एकच, पण पहिल्या दोन ठिकाणी तो कुणाच्या बाजूनं बोलतोय? गुलामाच्या मालकिणीच्या!

अशी आणखी एक जागा पंधराव्या प्रकरणात आहे, जवळून वाचायला फार चांगली. धुक्यात दोघांची ताटातूट होते. हक परत येतो तेव्हा जिम झोपलेला असतो. हक त्याला पटवतो की हे सगळं तुला स्वप्नात दिसलं. जिम त्या स्वप्नाचा अर्थही लावतो. मग हक तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दाखवून विचारतो, याचा अर्थ काय? जिम आधी त्या कचऱ्याकडे पाहतो, मग हककडे, मग पुन्हा कचऱ्याकडे. आणि सांगतो: हा कचरा आहे, आणि मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारी माणसंही कचराच. तराफ्यावरचा कचरा एका वाक्यात माणसाला लागू झाला. जिमची नजर फिरते त्या क्रमातच उत्तर तयार होत होतं. ज्याला भोळा म्हणतात तो इथे हकपेक्षा चांगला वाचक आहे. नंतर हक लिहितो की माफी मागायला मनाची तयारी व्हायला त्याला पंधरा मिनिटं लागली. पंधराच मिनिटं, की पंधरा मिनिटं? तुम्ही यातलं काय वाचता त्यावर तुमचा दावा ठरेल.

दावा कसा घडवायचा

दावा म्हणजे एक वाक्य, ज्याला वर्गातला एखादा शहाणा मुलगा ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल आणि ज्याचा निकाल पुस्तक उघडून लावता येईल. तो आधी मराठीत लिहा, घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत लिहा. ओट्यावर बसलेल्या मोठ्या भावाला तो एका दमात सांगता आला पाहिजे. कारण साधं आहे. गाईडमधलं उसनं वाक्य इंग्रजीतच तयार मिळतं. ते आपल्या बोलीत आणायला गेलं की पोकळ निघतं आणि पोकळी लगेच ऐकू येते.

‘ही कादंबरी गुलामगिरीच्या विरोधात आहे’ इथून सुरुवात करू. यावर वाद घालायला कुणी येणार नाही, म्हणून हा दावा नाही. शिवाय यातून एक चूक हमखास जन्मते: ‘गुलामगिरी बंद व्हावी म्हणून ट्वेनने हे लिहिले.’ तारखा पाहा. पुस्तक इंग्लंड-कॅनडात डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये आलं. गुलामगिरी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनं १८६५ सालीच रद्द झाली होती. कथा मात्र प्रकाशनाच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीची. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना मुक्त केल्याबद्दल. ट्वेननं हे पुस्तक लिहायला घेतलं त्याच्या तीन वर्षांनी, १८७६ मध्ये. म्हणजे खरा प्रश्न असा की बंद झालेल्या गोष्टीबद्दल वीस वर्षांनी का लिहायचं? ज्याला हा प्रश्न पडला त्याला विषय सापडला.

पुढची पायरी: ‘हक शेवटी जिमला माणूस मानू लागतो.’ हे बरं आहे, कुणी नाही म्हणू शकेल. आता एकतिसावं प्रकरण उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. हक मिस वॉटसनला पत्र लिहितो: तुमचा पळालेला गुलाम इथे फेल्प्स नावाच्या माणसाकडे आहे. लिहून झाल्यावर त्याला वाटतं, आपण पापातून धुऊन निघालो. कागद खाली ठेवतो. मग तराफ्यावरचे दिवस आठवतात, रात्रीचा पहारा आठवतो, आणि नजर परत त्या कागदाकडे जाते. श्वास रोखून विचार करतो, म्हणतो, बरं तर, मी नरकात जाईन, आणि पत्र फाडतो.

आता पाहा की त्यानं काय म्हटलं नाही. ‘गुलामगिरी चूक आहे’ असं त्यानं म्हटलेलं नाही. जिमला वाचवणं हे त्याच्या लेखी पापच आहे. तो पाप करायला तयार झालाय, एवढंच. याच्या जोडीला सोळावं प्रकरण आणा. जिम म्हणतो, मालकानं विकली नाहीत तर माझी मुलं कुणाकडून तरी चोरून आणवीन. ते ऐकून हक हादरतो, कारण ती मुलं अशा माणसाच्या मालकीची आहेत ज्यानं हकचं काही वाईट केलेलं नाही. बापानं स्वतःची मुलं नेणं म्हणजे चोरी! हक हे थट्टेत म्हणत नाही, त्याला ते खरंच वाटतं. म्हणून तिसरा मसुदा असा होईल: ‘हकचं वागणं बदलतं पण विचार बदलत नाही, आणि पत्र फाडण्याचा प्रसंग याच फटीमुळे जोरकस होतो, कारण समाजानं त्याला जे पाप म्हणून शिकवलं ते त्यानं अजूनही पापच धरलेलं आहे.’ यात ‘कारण’ आहे, वादाला जागा आहे, आणि निकाल लावायला दोन प्रकरणं आहेत. असे तीन मसुदे प्रत्येकानं करावेत. पहिल्याच फटक्यात नेमका दावा सहसा येत नाही.

विरुद्ध पुरावा स्वतः आणा

चिकित्सक विचाराचा खरा कस इथे लागतो आणि हा भाग हमखास वगळला जातो. आपल्या दाव्याला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारी जागा स्वतः शोधून निबंधात मांडायची. सोपी नको, जड हवी.

आपला दावा आहे की विचार बदलत नाही. बत्तिसावं प्रकरण वरवर त्याच्या बाजूचं आहे. बोटीवर स्फोट झाला असं हक सांगतो. फेल्प्सच्या घरची सॅली मावशी विचारते, कुणाला लागलं का? तो म्हणतो, नाही, एक काळा माणूस मेला. ती म्हणते, नशीब, कधी कधी माणसांना लागतं. पत्र फाडल्यावर लगेच पुढच्या प्रकरणात हे संभाषण येतं. आयता पुरावा म्हणून उचलावासा वाटतो. पण थांबा. तो स्फोट हकनं तिथल्या तिथे रचलेला आहे. दारात तो कोण म्हणून उभा आहे, हे त्यालाच अजून कळलेलं नाही. समोरच्या बाईला पटेल असं बोलणं ही त्याची गरज आहे. मग हे वाक्य त्याच्या मनातलं, की सॅलीच्या मनातलं ओळखून तिला दिलेलं? दोन्ही वाचनं उभी राहतात. निबंधात दोन्ही मांडा, मग आपल्याला कोणतं जास्त टिकाऊ वाटतं आणि का, ते चार-पाच वाक्यांत लिहा. ‘दोन्ही बाजू बरोबर आहेत’ म्हणून सुटका करून घेऊ नका.

समीक्षकांचं मत आणायची जागाही हीच. चौतिसाव्या प्रकरणापासून टॉम जिमच्या सुटकेचा खेळ मांडतो, आणि शेवटी कळतं की मिस वॉटसननं मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलं होतं. या शेवटावर मोठा वाद आहे. लायनेल ट्रिलिंग यांनी १९४८ मध्ये आणि टी. एस. एलियट यांनी १९५० मध्ये त्याची बाजू घेतली. लिओ मार्क्स यांनी १९५३ मध्ये दोघांनाही विरोध केला. एक समीक्षक घ्या, फार तर दोन. त्यांचं मत आपल्या दाव्याचा पुरावा म्हणून वापरू नका, ते मोठे असले तरी. मत घ्या, पुस्तकात जाऊन ताडून पाहा, आणि कुठे पटलं, कुठे नाही ते लिहा.

रचना आणि मापं

१५०० शब्दांना सात-आठ परिच्छेद पुरतात. पहिला १२० शब्दांच्या आत, आणि दावा त्याच परिच्छेदात. सर्वांत लांब परिच्छेद जवळून वाचलेल्या उताऱ्याचा असावा, २५० ते ३०० शब्द. विरुद्ध पुराव्याला २०० तरी द्या. अवतरणं पाच-सहा, प्रत्येक दोन ओळींच्या आत, आणि प्रत्येक अवतरणानंतर त्याच्या दुप्पट तरी तुमचं लिहिणं. अवतरण टाकून पुढे पळालात तर वाचणारा विचारतो, मग? अवतरणातला एक तरी शब्द बोटानं दाखवल्यासारखा पुढच्या वाक्यात यायला हवा.

मसुदा झाला की ‘काय घडलं’ सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. एक-तृतीयांशापेक्षा जास्त वाक्यांखाली रेघ आली तर तो निबंध नसून गोष्ट आहे. निबंध तपासणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असतं.

पुस्तकात काळ्या माणसांसाठीचा एक अपमानास्पद शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो. अवतरणात तो आला तर पहिलं अक्षर आणि पुढे रेघा असं लिहा आणि तसं का केलं ते एका वाक्यात सांगा. आपल्या वाक्यात तो कधीही वापरू नका. शब्द तिथे का आहे, हा मात्र रास्त विषय आहे. त्याला टाळायचं कारण नाही.

आपल्याकडच्या गोष्टीशी तुलना करायचा मोह होतो. ‘आपल्याकडेही जातिव्यवस्था आहे’ हे एक वाक्य शेवटी चिकटवून काही साधत नाही. तुलना करायची तर एक परिच्छेद द्या आणि फरकापासून सुरुवात करा. समजा कुणी जिमशेजारी सालदार उभा केला. सालदाराचं साल आखाजीला ठरतं, वर्षानं संपतं, मजुरीची बोली होते, पटलं नाही तर तो दुसरं शेत धरतो. जिमला यातलं काहीच नाही. त्याची मुलंसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची. फरक मांडल्यावर जे साम्य उरेल, उदाहरणार्थ उचल फेडता न आल्यानं अडकून पडणं, ते लिहिलंत तर तुलना जिवंत होईल.

मोबाइलवरच्या एआयकडून निबंध लिहून घेणाऱ्यांची फजिती बहुतेक अवतरणांत होते. वाक्य ऐटबाज असतं, पण पुस्तकात नसतं, किंवा प्रकरण भलतंच असतं. म्हणून स्वतः उतरवलेलं असो वा मित्राच्या वहीतून घेतलेलं, प्रत्येक अवतरणातले चार शब्द गुटेनबर्गच्या प्रतीत शोधा. सापडलं नाही तर काढून टाका.

इंग्रजी साधं ठेवा. वाक्य पंचवीस शब्दांवर गेलं की मोडा. कादंबरीतली घटना सांगताना वर्तमानकाळ, इतिहास सांगताना भूतकाळ. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर कुठला काळ कशासाठी ते तपासा. ‘ट्वेन म्हणतो’ आणि ‘हक म्हणतो’ यांची गल्लत करू नका. पुस्तकात ट्वेन जवळजवळ बोलतच नाही. बोलतो ते सुरुवातीच्या सूचनेत: या कथेत हेतू शोधणाऱ्यावर खटला भरला जाईल, बोध शोधणाऱ्याला हद्दपार केलं जाईल, कथानक शोधणाऱ्याला गोळी घातली जाईल. शेवटच्या परिच्छेदात ‘या कादंबरीतून आपल्याला असा बोध मिळतो की’ लिहिलं गेलं असेल तर ही सूचना पुन्हा वाचा आणि त्या जागी तुमच्या दाव्यातून उरलेला, न सुटलेला एक नेमका प्रश्न ठेवा. जसं की, नवव्या प्रकरणात तरंगत्या घरातलं प्रेत हकच्या बापाचं आहे हे जिमला कळतं आणि तो ते शेवटच्या प्रकरणापर्यंत दाबून ठेवतो. हकला धक्का बसू नये म्हणून, की बाप मेल्याचं कळलं तर हक घरी परतेल म्हणून?

सगळं झालं की एक रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. जिथे तुमचीच जीभ अडखळते तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग फक्त खुणेची वाक्यं नव्यानं लिहा, प्रकरण क्रमांक एकदा ताडून पाहा आणि सर्वांत शेवटी शीर्षक द्या. शीर्षकात कादंबरीच्या नावाशेजारी तुमची जागा यायला हवी: पत्र, कचरा, चाळीस डॉलर, जे तुम्ही धरलं असेल ते.